बोलता येईल इतक्या वेगानं

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळच्या गाडीनं सेलूहून सावंगीला. सु. खिडकीशी, मी दाराजवळ उभा. कंडक्टरकीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी एसटीत बसवत नाही. कंडक्टर पोरगी चांगली होती. म्हणाली, "काका, बसा न, जागा हाये." बसलो नाही. सु. खिडकीबाहेर बघून हसली.

दवाखान्यात सु.चं रक्त घेतलं. दुपारी रिपोर्ट. सीआरपी २८. सहाच्या आत हवा. डॉ. बाईंनी (आपल्या लेकीच्या, वैशूच्याच वयाच्या) कागद उलटा केला आणि मागं चित्र काढून सांगितलं. सांधेवातात अंग आतल्या आत सुजत राहतं. बोटांवर दिसते तेवढीच ती सूज नसते. आत किती आहे ते रक्तातला हा आकडा सांगतो. गोळ्या चालू आहेतच, त्या सोडायच्या नाहीत. पण आता चालायचंही. रोज अर्धा तास. स्नायू कामाला लागले की तेही सूज उतरवायला हात लावतात म्हणे. तीन महिन्यांनी परत रक्त. उतरला नाही तर इंजेक्शनं.

मी विचारलं, "किती जोरात चालाचं?"

"बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. तेवढ्या वेगानं."

सु. म्हणाली, "बोलाचं कोनाशी?"

डॉ. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

५ ऑगस्ट

पहिली फेरी. घर ते कालव्याचा पूल आणि परत. मध्ये गिरणी, मग पिंपळ, मग एक मोरी. सु. मोरीच्या कठड्यावर बसली. मी पुलावर पोचून मागं पाहिलं तर मागं कोणीच नाही. परत आलो. तर म्हणते कशी, "बस सुटली का माही?"

बरोबर आहे तिचं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, मी कायम दहा पावलं पुढं. बाजारात, लग्नात, दवाखान्यात सगळीकडे. तिनं कधी तक्रार केली नाही. म्हणून कधी लक्षात आलं नाही.

मोरीला नाव दिलं – विनंती थांबा.

एक शब्दही बोललो नाही आज. म्हणजे डॉ. बाईंच्या हिशेबानं फेरी फुकट गेली.

७ ऑगस्ट

वैशूचा पुण्याहून फोन. चौथा महिना लागला तिला. लग्नाला आठ वर्षं झाली तिच्या. आम्ही विचारणं सोडलं होतं, तिनं सांगणं सोडलं होतं. जूनमध्ये कळलं तेव्हा सु. देवघरापुढं बसून राहिली आणि मी उगाच सायकल पुसत बसलो. जानेवारीची तारीख आहे.

सु.चं एकच. बाळंतपण इथं, माहेरी. बाळाला पाय पसरून, पायांवर घेऊन, स्वतः न्हाऊ घालणार.

वैशू फोनवर म्हणाली, "आई, तुला पाण्याचा गडवा उचलत नाही. बाळ कसं धरशील? सासूबाई आहेत इथे. तुलाच बोलावून घेऊ ना पुण्याला."

"पाहुनी म्हून?" सु. म्हणाली. मग थोडं थांबून, "माहा रिपोर्ट चांगला आला तं?"

वैशू म्हणाली, बघू, येऊ दे रिपोर्ट.

फोन ठेवल्यावर सु.नं चपला घातल्या. दुपारचे साडेबारा. मी म्हटलं, उन्हाचं कुठं चाललीस. तर म्हणे, "चला, बोलत बोलत जाऊ."

१२ ऑगस्ट

काय बोलायचं हा मोठाच प्रश्न निघाला. नोकरीत आठवड्यातले चार दिवस मुक्कामी गाड्या. आष्टी, तळेगाव, आर्वी. घरी यायचो ते जेवायला आणि झोपायला. रिटायर झालो तर टीव्ही. आता रोज अर्धा तास, समोर टीव्ही नाही.

काल रात्री जेवणानंतर चिठ्ठीवर विषय लिहून ठेवले. १) मेव्हण्याची, प्रभाकरची विहीर. २) गॅसवाल्याचा उद्धटपणा. ३) वै.च्या बाळाचं नाव. सकाळी गिरणीशी पोचेपर्यंत तिन्ही संपले. खिशातून चिठ्ठी काढताना सु.नं पकडलं. मोरीवर बसून इतकी हसली की गिरणीवाला बाहेर आला.

"पेपर फुटला म्हना न," ती म्हणाली.

हसताना चालता येत नाही. हे डॉ. बाईंना विचारलं पाहिजे.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा

रस्ताभर लेकरं लाकडी बैल ओढत. आमची फेरी त्यांच्यात अडकली, कासवागत चाललो. पण सु. विनंती थांब्यावर बसली नाही. पहिल्यांदा. पुलापर्यंत सरळ. मी काही बोललो नाही, बोललो तर दृष्ट लागायची.

परत येताना तिनं माझं कोपर धरलं. रस्त्यात, लोकांसमोर. मला कसंसंच झालं. सोड म्हणालो नाही.

४ सप्टेंबर

आज सु. आपणहून बोलली. पिंपळापासून पुलापर्यंत एकटीच.

वैशूच्या वेळचं. सु.ची माय त्याआधीच गेलेली. सासूचे डोळे गेलेले. बाराव्या दिवशी शेजारणीला ताप आला, न्हाऊ घालायला कोणी नाही. मग सु. स्वतःच बसली. एकवीस वर्षांची. पाय पसरले, लेकराला पायांवर पालथं घेतलं, आणि साबण लावल्यावर लेकरू सरकायला लागलं.

"इतकी भेली मी. दोनी पाय गच्च जुळवून बसली. पानी थंडं झालं तरी उठता येईना. आपल्या हातून पडन म्हनलं. लेकरू रडे, मी रडो. तवाच म्हनलं, माह्या पोरीवर ही पाळी नाई येऊ देनार."

मग माझ्याकडे न बघता, "तुमाले तं सुट्टी भेटली नाई. आष्टीचा मुक्काम होता तुमचा."

हूं म्हटलं.

इथं लिहून ठेवतो. सुट्टी मी मागितलीच नव्हती. बायकोच्या बाळंतपणाला सुट्टी मागायची लाज वाटली, डेपोत हसतील म्हणून. घरी सांगितलं, साहेबानं दिली नाही. तेहतीस वर्षं तो साहेब आमच्या घरात शिव्या खातो आहे. बिचारा वारलाही.

१९ सप्टेंबर

सु.ची बोटं सकाळी मोकळी व्हायला आधी नऊ वाजायचे. आता आठ. आज पावणेआठ. मी घड्याळ बघून लिहितो हे तिला आवडत नाही. "मी काय गाडी हाव का, टाईमावर सुटाले?"

तरी लिहितो.

११ ऑक्टोबर

सकाळी न्हाणीघरातून धप्प आवाज. धावत गेलो. सु. पाटावर बसलेली, गडवा आडवा, पाणी सगळीकडे. पडली वाटलं. तसं नव्हतं. रोज पहाटे माझ्या आधी उठून भरलेला गडवा एका हातानं उचलून बघते. ऑगस्टपासून चालू आहे. मला आज कळलं.

"कायले लपवतं?" मी म्हटलं.

"तुमी डायरीत लिहान म्हून."

रिकामा उचलते. पाव भरलेला उचलते. अर्धा झाला की मनगटातून कळ येते आणि बोटं सुटतात.

म्हणजे माझी परीक्षा वेगळी चालली होती आणि तिची वेगळी. माझी रक्ताची. तिची गडव्याची.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

प्रभाकर आला. सु.चा धाकटा भाऊ, इथून कोसभर शेत. ओवाळून झाल्यावर म्हणाला, "बाई, येत्या रविवारी नाई, त्याच्या पुढच्या रविवारी सीतादही हाये. तीन वर्सं झाले, तू आली नाई. औंदा येजो. तुह्या हातानं लागू दे कापूस."

त्यांच्या घरची रीत आहे. वेचणी सुरू करायच्या दिवशी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दगड मांडतात, कुंकू लावतात, दहीभात ठेवतात. मग घरची थोरली लेक पहिली पाच बोंडं वेचते. त्यानंतर बाया पातीला, म्हणजे ओळीनं वेचायला, लागतात. तीन वर्षं सु.ची बोटं कापूस वेचायची नव्हती, म्हणून प्रभाकरच्या बायकोनं वेचली. सु. त्या दिवशी दरवर्षी तोंड पाडून बसायची.

"येतो," ती म्हणाली. मला विचारलंसुद्धा नाही.

रविवारी म्हणजे दोन तारखेला. रक्त तीनला. मनात म्हटलं, उत्तमच. आदल्या दिवशी चांगलं चालणंही होईल.

३० ऑक्टोबर

तपासणीला चार दिवस. यात्रेला जशा ज्यादा गाड्या सोडतात तशा ज्यादा फेऱ्या सुरू केल्या. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. कल्पना माझीच. सु. म्हणाली, "डॉक्टरीन बाईनं अर्धा घंटाच सांगतलं होतं न?" मी म्हटलं, अर्ध्या तासानं एवढा फरक पडला तर दीड तासानं किती पडेल. हिशेब तिलाही पटला.

संध्याकाळच्या फेरीत दोघंही बोलायला विसरलो. धाप लागली होती.

२ नोव्हेंबर, रविवार

सीतादही. सकाळी आठला शेतात. सु. हिरव्या लुगड्यात. दहीभात ठेवला, पाच बोंडं वेचली. तिची बोटं कापसात गेली आणि बोंडातून कापूस असा आला की जणू काही झालंच नव्हतं. प्रभाकरची बायको म्हणाली, "बाई, झालं, आता बसा सावलीत."

ती बसली नाही. कमरेला फडकं बांधलं आणि बायांच्या पातीत उभी राहिली. मी म्हणालो, पुरे आता. तर म्हणे, "जाऊ द्या न हो. तीन वर्सानं हात चालून राह्यले."

मीही दोन तास वेचला. मला अर्धा पदर भरेल इतकाही जमला नाही आणि बाया हसल्या. सु. पार चारपर्यंत. घामानं कपाळावरचं कुंकू पसरलेलं. बांधाशी आली तेव्हा तिचा चेहरा मी विसरलेला चेहरा होता, लग्नातला. प्रभाकरनं तिच्याच वेचणीतला कापूस गाठोड्यात बांधून दिला. बाळाच्या गादीला.

मी थांबवायला हवं होतं असं आत्ता तरी वाटत नाही. खूप छान दिवस गेला.

३ नोव्हेंबर

सीआरपी ४१.

कागद हातात आला आणि मी काही विचार न करता फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तीस वर्षं गाडी पोचली की नोंद करायची सवय. टाकल्यावर नीट वाचला. मग पुसायला गेलो तर वै.नं पाहिलेलं.

डॉ. बाई आज रजेवर. गुरुवारी येणार.

संध्याकाळी जावयांचा फोन. माणूस सरळ आहे, अगदी मऊपणे बोलले. "बाबा, आईंना त्रास नको. पुण्यातच ठेवू. हॉस्पिटल जवळ आहे. आई-बाबा तुम्ही दोघं या."

सु. बाजूलाच बसलेली. सगळं ऐकलं. उठताना भिंतीचा आधार घेतला.

४ नोव्हेंबर

दोन्ही मनगटं सुजली. बोटं दहा वाजले तरी आखडलेली. अंगात कणकण. फेरी नाही.

तिचे केस मी विंचरले. पहिल्यांदाच. गुंता काढताना ओढले जात होते, ती काही बोलली नाही. अंबाडा बांधायला गेलो तर तीनदा सुटला. शेवटी बांधला, डोक्याच्या एका बाजूला आला. आरशात बघून म्हणाली, "राहू द्या." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

भाकऱ्या मी केल्या. त्यांचा विषय नको.

ते कापसाचं गाठोडं तिनं कपाटावर, नजरेआड ठेवायला लावलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

डॉ. बाईंसमोर सगळं कबूल केलं. ज्यादा फेऱ्या, सीतादही, चारपर्यंतची वेचणी. सु. खाली मान घालून. मी म्हटलं, तिची चूक नाही, गाडी मी पळवली.

डॉ. बाई हसायला लागल्या, मग सॉरी म्हणाल्या, मग पुन्हा हसल्या. "काका, परीक्षेच्या आदल्या दिवशी घोकंपट्टी करून रक्त पास होत नाही."

मग नीट सांगितलं. झेपेल तेवढं, रोजचं चालणं महिनोन् महिने केलं तर आतली सूज उतरायला मदत होते. पण अंगाला सवय नसलेली मेहनत एकदम केली, की स्नायू दुखावतात आणि हाच आकडा दोन-चार दिवस वर उसळतो. धडधाकट माणसाचाही. इथं तर सांधेवात. "हा ४१ तुमच्या तीन महिन्यांचा नाही. हा तुमच्या चार दिवसांचा आहे."

इंजेक्शनाचं आज काही ठरवणार नाहीत. सूज उतरेपर्यंत आराम. मग हळूहळू तीच अर्धा तासाची फेरी. दोन आठवड्यांनी परत रक्त. आदल्या दोन दिवसांत काही वेडेपणा नाही.

सु.नं विचारलं, "म्हंजे मी वेचला थो कापूस चुकला का?"

डॉ. बाई म्हणाल्या, "पाच बोंडं चालली असती, काकू."

१० नोव्हेंबर

सूज ओसरली. आज फेरी, फक्त पिंपळापर्यंत. मी तिच्या बाजूनं, पावलाला पाऊल.

बोलत नाही. विचारलं तर हूं. अर्धा रस्ता माझाच आवाज. प्रभाकरची विहीर पुन्हा काढली. हूं.

माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. ती स्वतःवरच रागावली आहे.

११ नोव्हेंबर

तसंच.

१४ नोव्हेंबर

मोरीवर बसलो. तिला बसायची गरज नव्हती, मला होती. सांगून टाकलं. वैशूच्या वेळची सुट्टी मी मागितली नव्हती. साहेबाचं नाव खोटं. लाज वाटली होती. तू एकटी बसून रडत होतीस तेव्हा मी आष्टीच्या स्टँडवर चहा पीत होतो. आता इतक्या वर्षांनी तुझी हौस पुरवायला निघालो तर तीही घाईघाईत नासवली.

सु. पाण्याकडे बघत होती. कालव्याला पाणी सोडलंय सध्या.

"मले मालूम हाये," म्हणाली.

"काय मालूम हाये?"

"सुट्टीचं. तुमच्या डेपोतल्या डायवरच्या बायकोनं सांगतलं होतं. वैशू सवा महिन्याची होती तवा."

एवढ्या वर्षांत साहेबाला शिव्या देताना तीसुद्धा माझ्याकडे बघत नसे, ते आत्ता आठवलं. विचारलं, मग बोलली काऊन नाही कधी.

"तुमी कधी बाजूनं चालले का, बोलाले?"

मग माझा हात तिच्या हातात घेतला. बोटं पूर्ण मिटत नाहीत तिची, पण घेतला. म्हणाली, "चला. गाडी लेट झाली."

मी रडलो हे इथं लिहायला हरकत नाही. ती मोरी फार जुनी आहे, तिनं खूप पाहिलं असेल.

२० नोव्हेंबर, गुरुवार

परत रक्त. गेले दोन दिवस साधं जेवण, साधी फेरी, वेडेपणा शून्य. रक्त घेणाऱ्या बाई आता ओळखीच्या झाल्या. म्हणाल्या, "काकू, शिरा बऱ्या लागतात आता."

सीआरपी १९.

सहाच्या आत नाही. पण ऑगस्टच्या २८ वरून १९. डॉ. बाई म्हणाल्या, काही गोळीनं, काही चालण्यानं, कशानं किती ते मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. उतरतोय हे खरं. इंजेक्शनाचं फेब्रुवारीत बघू. आणि बाळाचं? तर म्हणाल्या, "सूज उतरली म्हणजे मनगटात जोर आला असं नसतं. तो वेगळा मिळवावा लागतो." एक मऊ चेंडू दाबायला दिला. रोज दहा वेळा. दहाच, काका. माझ्याकडे बघून म्हणाल्या.

फोटो काढला नाही. सु.ला विचारलं, वैशूला काय सांगू?

"मीच सांगतो."

२१ नोव्हेंबर

सु.नं फोन लावला. स्पीकरवर, चेंडू हातात.

"वैशू, एकोनीस आला. पास नाई, पन आधीच्याहून बरा. गडवा अर्धाच उचलते. तुले खोटं सांगत नाई. तुले पुन्यातच राहाचं असन तं राह्य. मी येईन तिकडं, पाहुनी म्हून येईन. राग नाई माहा."

पलीकडं वै. रडते आहे असं कळलं. "आई, मी तुझ्या रिपोर्टसाठी येत नव्हते का? मला भीती होती, तू माझ्यासाठी करशील आणि कायमची बसशील. तुला मी ओळखत नाही का."

मग दोघीही रडल्या. जावईही फोनवर आले. ते म्हणाले, "आई, तिला इकडे झोप नाही. डॉक्टर म्हणतात प्रवास करायचा तर या महिन्यातच. मी सोडायला येतो." आणि अगदी हळू, "न्हाऊ घालायला एखादी बाई ठेवू. तुम्ही नुसत्या बाजूला बसा."

सु. म्हणाली, "पाहू."

हे 'पाहू' मी ओळखतो. गॅसवाल्याचा उद्धटपणा याच 'पाहू'नं संपला होता.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या सकाळच्या गाडीनं वैशू सेवाग्राम स्टेशनवर. सामान लावून झालं. कापसाचं गाठोडं कपाटावरून खाली आलं, गादी भरून घेतली. छोटीशी. सु.नं तिच्यावर हात फिरवून फिरवून सगळ्या गाठी काढल्या.

मालिश करणारी बाई ठरवली आहे, जानेवारीपासून. सु.नं नाही म्हटलं नाही.

दुपारी हाक आली न्हाणीघरातून. गेलो. सु. पाटावर, भिंतीला टेकून, पाय पसरलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत. बाजूला बादली, गडवा.

"हात द्या इकडं."

"कायले?"

"द्या न."

मी खाली बसलो. बसताना माझेच गुडघे वाजले. तिनं माझा हात कोपरापासून घेतला आणि तिच्या दोन्ही पायांवर आडवा ठेवला. पाय जुळवले. बोटांनी पाणी शिंपडलं, मग तळहातानं चोळलं, मनगटापासून वर, वरून खाली, बोटांच्या बेचक्यांत. कुणी मला असं चोळून किती वर्षं झाली. बहुतेक मायनंच.

मग गडवा बुडवला. अर्धा भरला. उचलला. मनगट थरथरलं, पाणी काठावर आलं. मी दुसरा हात पुढं केला तर ओरडली, "हात नका लावू!"

ओतला. सगळा. एका धारेत. गडवा खाली ठेवताना वाजला, पण तिनं तो सोडला नाही, ठेवला.

दुसरा पाऊण भरला. तो दोन्ही हातांनी उचलला. अर्धा सांडला माझ्या धोतरावर.

"लय गरम नाई न?" तिनं विचारलं.

नाही म्हटलं. खरं तर मला कळलं नाही. तीस वर्षं गाडीचे तापलेले दांडे धरून हात निबर झालाय. लेकराच्या अंगाला काय लागेल ते या हाताला नाही सांगता येत. ते जानेवारीतच कळेल.

तिनं पदरानं माझा हात पुसला, बोट न् बोट कोरडं केलं. मग म्हणाली, आता उठवा मला. आणि मी उठवायच्या आधीच भिंतीला धरून उभी राहिली.

उद्या स्टेशनवर जायच्या आधी फेरी करायची म्हणते. साडेपाचला. थंडी पडली आहे, स्वेटर काढून ठेवतो.